बंद पडल्यावर येतो कोण

१५ ऑक्टोबर २००६

बाबांनी ठरवलं! दिवाळीचा बोनस आला की घरावर सोलर बसवायचा. एक पॅनल, एक बॅटरी, दोन दिवे. कारण माझी धाकटी बहीण माया. मार्चमध्ये तिची दहावी, आणि इनामगावातली संध्याकाळची लाईट अशी, की अभ्यासाला बसलं की जाते आणि अंथरूण घातलं की येते. चिमणीच्या उजेडात वाचलं की नाकात काजळी जाते आणि डोक्यात काहीच जात नाही, असं मायाचं म्हणणं.

पण खरी बातमी पुढेच आहे. सोलर कोणाकडून घ्यायचा ते मी ठरवायचं! पोपटआप्पा म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, आमच्या घरातल्या प्रत्येक खरेदीत पुढे. ते म्हणाले, "शिरूरचा डीलर माझ्या वळखीचा हाय. उद्याच जाऊन येतो." बाबा रांजणगावहून पहिली पाळी करून आले होते. बूट काढता काढता म्हणाले, "नगं आप्पा. गौतमी ठरवंल. बी.ए. कशापायी केलीय तिला?"

"बी.ए.ला सोलर असतो व्हय?" — आप्पा.

हसू देत. आजवर या घरात बादलीसुद्धा मला विचारून आली नव्हती. आता माझा शब्द चुकला, तर मायाची दहावी अंधारात आणि पुढची बादली पुन्हा आप्पांच्या पसंतीची.

१८ ऑक्टोबर

शेजारच्या हौसरावमामांकडे गेले. गावातला पहिला सोलर त्यांचा, शिरूरच्या त्याच डीलरकडचा. पॅनल छतावर दिसेना. साखरबाईमामींना विचारलं, तर त्यांनी ओट्याकडे बोट दाखवलं. दोन विटांवर पॅनल आडवा, त्याच्यावर भुईमुगाच्या शेंगा वाळत घातलेल्या!

"दिवा दोन महिनं लागला. मग न्हाईच. त्या बाबाला लई फोन केलं. उद्या येतो, उद्या येतो... पर शेंगा झ्याक वाळत्यात बघ. गरम लई हुतंय."

म्हणजे खरा प्रश्न कळला. दिवा कोणीही लावून देईल. बंद पडल्यावर येतो कोण?

२० ऑक्टोबर

शिरूरला जाऊन तो डीलर पाहिला. काचेचं काउंटर, वर फिरता पंखा, हातात रंगीत माहितीपत्रक. विचारलं, "बंद पडला तर?" म्हणाला, "मॅडम, आपला माल बंद पडतच नाही."

शेंगा डोळ्यांपुढे आल्या. बाहेर पडले.

बाबांच्या पाळीतल्या एकाने दुसरं नाव सांगितलंय — दौंडचा विनोद. आयटीआय केलेला. आधी कुरकुंभला कंपनीत होता, ते सोडून सोलरचं दुकान टाकलं. आपल्यातलाच आहे म्हणे. ते मला महत्त्वाचं नाही. मी त्याला आधी भेटणारच नाही! आधी भेटलं की तो गिऱ्हाइकांना पढवून ठेवणार. आधी त्याच्या दोन गिऱ्हाइकांकडे गुपचूप चौकशी, मग भेट. कॉलेजात ग्राहक दिनाला भाषण केलं होतं, ते फुकट नाही गेलं.

२९ ऑक्टोबर

मांडवगणला पहिल्या गिऱ्हाइकाकडे, मालनबाईंकडे जाऊन आलो. एकटीला आई जाऊ देईना. परक्याच्या घरी जायचं म्हणून तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं.

दारातच म्हटलं, "विनोदबद्दल विचारायचं होतं. दौंडचे." मालनबाईंनी आईकडे बघितलं. मग माझ्याकडे, डोक्यापासून चपलांपर्यंत. "या की! अशा दारात काय हुभ्या?" आणि आत जाऊन पोहे टाकले. खोबरं घालून!

मी तयारी करून गेले होते. शब्दाला पक्का आहे का? हाक मारली की येतो का? बोलताना नीट बोलतो का? पुढेमागे अंगावर ओरडेल, असं नाही ना?

"लाखात येक पोरगं! आवाज चढवायचं नाव न्हाई. सुपारीचं खांडसुदिक त्वांडात न्हाई. भैन हाय, ती दिली जेजुरीकडं. घरात माय-लेकच. म्हातारी निस्ती गाय हाय."

गिऱ्हाइकांशी किती घरोबा! निघताना मालनबाईंनी आईला ब्लाऊजपीस दिला. सोलर वापरणारी माणसं मनाने मोठी असतात असं दिसतं.

५ नोव्हेंबर

आज दुसरं गिऱ्हाईक, दौंडजवळ लिंगाळीत. साहेबराव म्हणून रेल्वेतून रिटायर झालेले गृहस्थ. इथेही पोहे, वर शेव. त्यांनीही विनोदची तोंड भरून स्तुती केली. आणि उलट मलाच विचारलं, "शिकलीस किती?" सांगितलं. "नोकरी करायचा इचार हाय का, का घरीच?" म्हटलं, शिक्षिका व्हायचंय, डी.एड.साठी यादीत नाव आहे. मान डोलावून आईला म्हणाले, "आजकाल पोरगीबी संगं येती. चांगलं हाय. आमच्या टायमाला नव्हतं असं."

किती पुढारलेले विचार! वस्तू घरात वापरायची बाईने, मग पारखायलाही बाईच हवी.

एसटीत आई खिडकीबाहेर बघत नुसती हसत होती. विचारलं, तर म्हणे वारं लागतंय.

११ नोव्हेंबर

काय लिहू! शरम शरम!

दुकानात फोन करून विनोदला छत बघायला बोलावलं होतं. आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला घाम. शिडीवर चढला, टेप लावला. दक्षिण कुठली, झाडाची सावली कधी येते, सगळं बघितलं. आणि वरूनच, माझ्याकडे न बघता, म्हणाला,

"मॅडम, एक विचारू? तुम्ही मांडवगणला गेला होता का? माझी चौकशी करायला?"

"हो. लिंगाळीलाही."

"मग बरोबर. दोन गावांत माझं लग्न ठरलंय."

"अभिनंदन!" मी म्हटलं. खरंच म्हटलं मी हे!

तो खाली बघायला लागला. "तुमच्याशी."

खाली आई उभी होती, तिने पदर तोंडात घातला. तो पुढे सांगत होता. मालनकाकूंनी त्याच्या आईला, धुरपदाबाईंना, निरोप धाडला, पोरगी देखणी हाय, जरा जास्त प्रश्न विचारती. धुरपदाबाई तेव्हापासून घराला चुना लावायला बसल्यात. "तिला आता सांगायचं कसं, की मॅडम बॅटरीची चौकशी करत होत्या?"

मी आत गेले ती तो जाईपर्यंत बाहेर आलेच नाही. पाणीसुद्धा मायाने दिलं. बाई आणि तिची वयात आलेली पोरगी, चांगले कपडे घालून परगावी जातात, पोरगा व्यसनी आहे का, ओरडतो का, विचारतात — लोकांनी दुसरं काय समजायचं होतं?

"तुला माहीत होतं?" आईला विचारलं.

"पयल्या पोह्यालाच कळलं की."

"मग बोलली का नाहीस?"

"पोहं चांगलं हुतं."

१२ नोव्हेंबर

रागापेक्षा मोठी गोष्ट आज सुचली. माझी सगळी चौकशी फुकट! सोयरिकीत कोणी कोणाचं वाईट सांगत नाही. पोराचं जमत असेल, तर आपण मोडता कशाला घाला. म्हणजे मालनबाईंचा दिवा लागतो की त्यावरही शेंगा वाळतात, ते मला अजून माहीतच नाही. आणि मी इतकी हुशार, की दोन्ही घरांत एकदाही उठून बटण दाबून बघितलं नाही!

विहारात दर रविवारी आपण पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे हात जोडायचे, आणि बाहेर येऊन कोणाच्या तरी भल्यासाठी म्हणून गोड गोड खोटं सांगायचं! पुढच्याने मग विश्वास ठेवायचा कशावर? मला उद्या कोणी विचारलं, तर चांगल्याला चांगलं आणि वाईटाला वाईटच म्हणेन. मग ते सोलरचं असो की सोयरिकीचं. लिहून ठेवते.

१३ नोव्हेंबर

बाबा : "ठरलं का?"

पोपटआप्पा : "ठरलं की! तारीख काढायची राह्यली निस्ती."

सगळ्या गावाला कळलंय तर.

१६ नोव्हेंबर

आईला घेऊन (साध्या लुगड्यात!) दौंडला दुकानात गेले. दुकान म्हणजे शटर वर केलं की संपलं. टेबलाच्या अलीकडे उभी राहून कडक आवाजात विचारलं, "बंद पडला तर?"

"पडणारच की," विनोद म्हणाला. "आज ना उद्या पडणार. बॅटरीत पाणी कोण घालणार, ते आधी सांगा. त्याच माणसाला शिकवून ठेवतो. निम्म्या बॅटऱ्या पाण्यावाचून मरतात, आणि शिव्या मला बसतात."

"मी घालीन," आई म्हणाली. "म्हशीचं पानी करतीय, हिला काय जड हाय?"

मी रस्त्यात ठरवून टाकलं. पडतच नाही म्हणणाऱ्यापेक्षा, पडणार म्हणणारा बरा. हा काही पुरावा नाही, मला कळतं. पण दुसरं माझ्याकडे काही नाही.

२६ नोव्हेंबर

लागला! सहाला लाईट गेली आणि आमच्या घरात दिवसासारखं पांढरं. मायाने भूगोल उघडला. हौसरावमामा दारात येऊन दिव्याकडे बघत उभे राहिले. पोपटआप्पा पण आले. "दोन महिनं जाऊ द्या, मग बघू," म्हणाले, आणि दिव्याखाली बसून पेपर वाचून गेले.

विनोद सगळं नीट दाखवून गेला. हा कंट्रोलर, म्हणजे बॅटरी सांभाळणारा डबा, हा त्यातला फ्यूज, ही बॅटरीतली पाण्याची खूण. आईने दोनदा म्हणून दाखवलं. मला तो 'मॅडम' म्हणतो, आईला 'मावशी'. धुरपदाबाईंचं काय झालं, विचारलं नाही. चुना तरी वाया गेला नाही.

७ जानेवारी २००७

दिवा रोज लागतो. आणि तीच अडचण आहे! बंदच पडला नाही, तर हा येतो की नाही ते कळणार कसं? परीक्षेच्या तोंडावर बंद पडला आणि तेव्हा कळलं, की येत नाही — मग? परीक्षा आधी घ्यायला हवी.

मायाला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, त्याला बोलवायचंय तर सरळ बोलव की."

मूर्ख मुलगी.

९ जानेवारी

काढला फ्यूज. बाबांच्या मोबाईलवरून मिस्ड कॉल दिला. त्याचा लगेच उलटा फोन. "दिवा गेलाय," एवढंच म्हटलं.

१० जानेवारी

सकाळी दारात त्याची एम-एटी गाडी. थंडीने कान लाल. कंट्रोलरचं झाकण उघडलं. रिकामी जागा बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.

"उंदरानं नेला वाटतं," तो म्हणाला.

नवा बसवला. आणखी एक माझ्यासमोर ठेवला. "हा जादाचा. उंदीर परत आला तर."

आईने त्याला पोहे केले. खोबरं घालून.

परीक्षेत पास. मी नाही — तो.

२४ फेब्रुवारी

आज खरंच बंद पडला! मायाचा बीजगणिताचा सराव चालू होता, आणि एकदम काळोख. मी फ्यूज बदलला, काही नाही. बाबांनी चिमणी पुसायला घेतली. ते जास्त लागलं. पोपटआप्पा ओट्यावरून म्हणाले, "साखरबाईला इचार, शेंगा कशा ठिवायच्या." 

मिस्ड कॉल दिला.

स्वयंपाक व्हायच्या आत गाडी वाजली. कंट्रोलरच जळाला होता. विनोदने पिशवीतून दुसरा काढला, बसवला, दिवा लागला. मायाने मान वर न करता गणित पुढे सुरू केलं.

"दुकान तर या वेळी बंद असतं," मी म्हटलं. "हा कुठून आणला?"

"घरचा काढला. कंपनीकडून नवा आला की तिकडं लावीन."

म्हणजे आज दौंडला धुरपदाबाई चिमणीवर.

मी त्याला थँक्यू म्हटलं. सगळ्यांदेखत. आप्पा उठून गेले.

२२ मार्च

माया सुटली! शेवटचा पेपर झाला. एकाही संध्याकाळी चिमणी लावली नाही. बाबा म्हणाले, "आता टीव्ही घ्यायचा झाला, तर कुठला, ते बी बघून ठिव." मला! पोपटआप्पांसमोर!

पण आता दिवा बिघडायचं काही कारण नाही. बरंच आहे. चांगलंच आहे.

३० मार्च

कुरकुंभकडचे दोन पाव्हणे आले होते. पांढऱ्या टोप्या, नवे रुमाल. "तुमच्याकडं सोलर बसवलाय ना त्यानं, दौंडच्या विनोदनं? म्हटलं, इचारावं. आमची पोरगी हाय लग्नाची. पोरगं कसं हाय? हाकंला येतंय का? शब्दाला पक्कं हाय का?"

वर दिवा लख्ख लागलेला. मी त्याच्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"काही नेम नाही हो," मी म्हटलं. "येतो कधी, कधी नाही. सर्व्हिसचं काही खरं नाही."

पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. चौथं शील मोडलं. आई चुलीपाशी सगळं ऐकत होती.  उठून कंट्रोलरचं झाकण उघडलं, फ्यूज काढला आणि पदराच्या गाठीत बांधला.

अंधारात म्हणाली, "दे मिस कॉल."