गोजरबाईच्या चहावर चालणारा ट्रॅक्टर

ती. पुंजाराममामांना वडीगोद्रीहून सुमेधाचा जय भीम.

मामा, गोजरबाईचा चहा प्यायला की आपला ट्रॅक्टर चालू का होतो? मी घरातली पहिली बी.ए., पण याचं उत्तर मला देता येत नाही. (तब्येतीची चौकशी आधी करायची असते, हे ठाऊक आहे. तुमची कंबर कशी आहे? मामींचा गुडघा?)

तुम्ही आईला तुमचा छोटा ट्रॅक्टर दिलात, तेव्हापासून ती बायकांत ‘माझ्या भावाचं इंजिन’ म्हणून मिरवते. ते इंजिन पहिल्या दिवसापासून घरून निघालं की शेताच्या वाटेवरच्या गोजरबाईच्या दारासमोर गचके खातं आणि बंद पडतं. टाकी भरलेली असते. डिझेलचा फिल्टर बदलला, नळीतली हवा काढली, टाकी धुतली (माझ्या पदवीदान समारंभाच्या साडीला अजून डिझेलचा वास येतो), तरी तेच. बाबा उतरतात, टाकीचं झाकण उघडून आत बघतात, “डिझेल तर बराबर हाय,” म्हणतात आणि झाकण लावतात. तोवर गोजरबाई चहा आणते. बाबा पितात, किल्ली फिरवतात आणि ट्रॅक्टर सुरू! शेतात पुन्हा बंद पडला की ती किटली घेऊन बांधावर येते.

मी अंधश्रद्धा मानत नाही. म्हणून प्रयोग म्हणून एकदा चहाऐवजी बाबांना पाणी दिलं. ते रागानं सीटवरून उतरलेच नाहीत, आणि ट्रॅक्टरही हलला नाही. झालं, गावाची खात्रीच पटली. काल एकानं बिघडलेला फवारणीचा पंप गोजरबाईकडे आणला. तिनं तो वाजवून बघितला आणि याला आलं जास्त लागेल, असं सांगितलं.

हसू नका, मामा. बाबा आईला म्हणाले, “तुझ्या भावाचं इंजिन चहाबाज निघालं. येत्या बाजारी विकून बैल आणतो. बैलाला चहा लागत न्हाई.” तेव्हापासून आई भाकरी थापते, पण बोलत नाही. ट्रॅक्टर गेला तर तिला माहेरच विकल्यासारखं वाटेल. काय करावं ते कळवा.

तुमची भाची,
सुमेधा

ता. क. वरचा मजकूर सकाळचा. दुपारी ट्रॅक्टर बांधावर बंद पडला आणि गोजरबाई नेमकी अंबडला गेलेली. बाबा कपाळाला हात लावून लांब लिंबाखाली बसले. मी नुसतं झाकण उघडलं. टाकीनं मोठा सुस्कारा सोडला. किल्ली फिरवली, चहाशिवाय चालू! झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. ते बुजलं की डिझेल खाली उतरत नाही. आपल्या झाकणाचं भोक कुणीतरी भेगा बुजवायच्या, वाळून दगडासारख्या कडक झालेल्या लगद्यानं बुजवून वर अंगठा दाबला आहे. त्या ठशात मधोमध चीर आहे. मामा, तुमचा चिरलेला अंगठा मी लहानपणापासून ओळखते. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून ‘झाकण पक्कं करून देतो’ असं तुम्हीच म्हणाला होतात आणि लगद्याचा डबाही सोबत दिला होतात.

ता. क. आणखी एक, दोन दिवसांनी. माणसानं खरंच बोलावं, असं माझं ठाम मत आहे. पण हे खरं बाबांना कळलं तर आईला ते जन्मभर ऐकावं लागेल. म्हणून मी दाभण तापवून भोक मोकळं केलं आणि मामांनीच फोनवर उपाय सांगितला, असं बाबांना सांगून टाकलं. विक्री रद्द झाली. आई बोलायला लागली, आता थांबत नाही. (चहा बाबा अजून घेतात, इंजिनाला वाईट वाटू नये म्हणून.) तुमचा सत्कार करायला आई-बाबा दोघं टॉवेल-टोपी घेऊन जाफराबादला निघाले आहेत. नाही म्हणू नका, मान खाली घालून सत्कार घ्या. हे पत्रही बाबाच आणत आहेत. त्यांनी ते उघडू नये म्हणून पाकिटावर ‘मामींसाठी लोणच्याची कृती’ असं लिहिलं आहे, आणि तुम्ही दिलेल्या डब्यातला उरलेला लगदा लावून ते चारही बाजूंनी बंद करणार आहे. हवासुद्धा आत जाणार नाही.