वाट कुणी दाखवली

॥ श्री ॥

करंजवाडी, बेडशाजवळ
गुरुवार, ता. ९ मे १९४६

चि. कोंडाजीस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सर्व खुशाल आहोत. आईचे गुडघे धरले आहेत, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजी नको. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले. यंदा पालापाचोळा कमी पडला, म्हणून ओढ्याजवळचा एक तुकडा राहिला आहे. करवंदं काळी पडली. आई रोज वाटीभर निवडून ठेवते आणि संध्याकाळी "कोंडू न्हाई आला आज" म्हणत स्वतःच खाते.

लोणावळ्याचे टांगेवाले मेहबूबभाई तुझी चिठ्ठी घोड्याच्या तोबऱ्यात घालून घेऊन आले. चंदीचा वास लागलेला कागद आईनं गालाला लावला. वाचून दाखव म्हणाली. मी "खुशाल आहे, लवकर येतो" एवढंच वाचलं. पुढचं तिच्यासाठी नव्हतं.

नव्या सरकारनं तुमच्यावरची वॉरंटं काढून घेतली. इथे तुझ्या सत्काराची कमिटी झाली आहे. गावाला पंचायत मिळणार, आणि तीत तुलाच उभं करायचं असं सगळे म्हणतात. आणि तू लिहितोस की घरी पाय ठेवायच्या आधी महिपती पाटलाचा निकाल लावायचा. शनिवारी, अठरा तारखेला, दिवस मावळताना मी त्याला ओढ्याजवळच्या राबावर बोलवायचं. बांधाचं जुनं भांडण मिटवू म्हणायचं. तुम्ही चौघे येणार. "वहिनी, तुझं काम एवढंच. मतपेटीतून न्याय निघत नसतो."

बोलावते.

मला समजावणारं पुढचं पानभर लिहायची गरज नव्हती. मागच्या महिन्यात लोणावळ्यात हुतात्म्यांच्या घरच्यांचा गौरव झाला, तिथे मी गेले होते. अध्यक्ष कोण, तर लढाईच्या दिवसांत लष्कराला कोंबड्या आणि बर्फ पुरवून ज्यानं दोन बंगले बांधले तो. खादीची टोपी इतकी नवी की कानावर उभी राहत होती. "हुतात्मा रखमाजी" असं त्यानं तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा गाव चुकवलं. मला नारळ दिला. शेजारच्या बाईला विचारत होता, "यांचा मुलगा गेला ना?" घरी येईपर्यंत तो नारळ मला जड झाला. वाटेतच मेहबूबभाईंच्या पोराला देऊन टाकला.

तुझी आणि तुझ्या दादांची भांडणं आठवतात. हे लोकल बोर्डावर होते, तेव्हा तू त्यांना नाव ठेवलं होतंस. अंगणातून ओरडायचास, "ओ बोर्डवाले! चार वर्सांत काय केलं? एक मोरी बांदली!" आणि हे आतून म्हणायचे, "त्याच मोरीवरनं पळतूस न्हवं कामशेतला तमाशाला?" मग हसत बाहेर यायचे. तुझ्याशिवाय दुसरं कुणी त्यांना असं म्हणायचं धाडस केलं नाही. पुढे बोर्डाचा राजीनामा देऊन हे स्वतःच तारा तोडायला निघाले, तेव्हाही तुला म्हणाले होते, "तार तोडली तर पुन्हा जोडता येती. मानसावर हात टाकायचा न्हाई." तू म्हणालास, "मग ते आपल्यावर टाकत्यात त्याचं काय?"  

महिपतीला गावानं वाळीत टाकून साडेतीन वर्षं झाली. सुरुवात मी केली, हे तुला ठाऊक आहे. त्याच्या बायकोचा, झुंबरबाईचा हंडा माझ्या हंड्याला लागला म्हणून भर पाणवठ्यावर मी माझं पाणी ओतून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या बायकाही ओतू लागल्या. सोपान न्हावी त्याच्या ओट्याची पायरी चढत नाही. त्याच्या मुलीचं लग्न मोडलं, त्या दिवशी मी गोड केलं होतं. आईनं विचारलं, आज काय सण? मी म्हटलं, आहे एक.

मला पुरत नाही रे ते. मळणीचे दिवस होते, मी खळ्यावर उभी होते. त्याआधी दोन वेळा पोलीस आले, तेव्हा हा पाटील पुढे काठी आपटत त्यांना लेण्यांकडे घेऊन गेला आणि हात हलवत परत आला. तेव्हा वाटलं होतं, सुटलो. तिसऱ्या वेळी आले ते लेण्यांकडे वळलेच नाहीत. हे लपले होते त्या मागच्या उतारावरच्या आपल्या खोपीची वाट धरली. फौजदार, त्याच्यामागे शिपाई, मग महिपती. हातातलं सूप खाली पडलं तरी मला कळलं नाही. यांना खाली आणलं तेव्हा त्यांच्या अंगावर तुझं घोंगडं होतं. त्यानंतर मी पाहिलं ते चार दिवसांनी तुरुंगातून आणलेलं त्यांचं प्रेत.

म्हणून बोलावते. तो ओढ्यावर येईल. तू जपून ये.

तुझी वहिनी
शालू


करंजवाडी
मंगळवार, ता. १४ मे १९४६

कोंडाजी,

आई बरी आहे.

रविवारी मी महिपतीकडे गेले. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. तो ओटीवर वाखाचा दोर वळत बसला होता. न्हावी नाही, त्यामुळे हनुवटी स्वतःच खरवडलेली, जागोजाग कापलेली. झुंबरबाई दारात आली.

"थुंकायला आलीस? मग खालनंच थुंक. ओटा आत्ताच सारवलाय."

"झुंबरे, गप," तो म्हणाला. "वैनी, बसा. न्हाईतर उबं ऱ्हावा. आमच्याकडं बसायची सवं मोडलीया लोकांची."

मी ठरवल्याप्रमाणे बांधाचं बोलले. शनिवारी राबावर या, काय ते मिटवून टाकू. तो हसायला लागला.

"बांद तुमचाच म्हना. येतो मी. लय दिसांत भांडायलाबी कुनी गावलं न्हाई."

झुंबरबाई कडाडली, "कुटं जायचं न्हाई! कुनी बोलावलं की निघालं म्होरं काठी घेऊन. त्या म्होरं व्हन्यापायीच तर ही गत झाली."

"त्या येळला कुटं म्होरं व्हतो मी?" महिपती दोर वळता वळता म्हणाला. "मागंच तर व्हतो."

कोंडू, मी तिथे उभी होते आणि मला खळं दिसलं. गुरुवारी तुला लिहिलं होतं ना, फौजदार, शिपाई, मग महिपती. मी माझ्या हातानं लिहिलं आणि मला दिसलं नाही. गावात पोलीस आले की पाटलानं पुढे चालायचं, वाट दाखवायची, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. म्हणून तर कुणी विचारायच्या भानगडीत पडलं नाही. पाटील बरोबर होता ना, मग झालं. सगळ्या गावानं त्याला मनातल्या मनात पुढे नेऊन उभा केला. मीही.

मी विचारलं, मागे का होतात?

"फौजदार म्हनला, पाटील, तुमी मागनं या. वाट ठावं हाय आमाला. म्या म्हनलं लेण्यांकडं चालल्यात. तर हे वळले वरल्या अंगाला. मला ती खोप ठावंच नव्हती, वैनी. तुमच्या गळ्याशपत."

"मग साडेतीन वर्षांत बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं कदी?"

झुंबरबाई आत गेली. तो खाली मान घालून म्हणाला, "मी काय देवमानूस न्हाई. तार तोडनाऱ्यांत गेणूचं नाव म्या दिलं. सा म्हयनं बसून आला त्यो. ते माजं पाप, त्याचं काय ते मला द्या. पर रखमाजी आबांचं न्हाई दिलं. धरलं तवा मी बगितलं नुसतं. कुनी कवाडाला हातबी लावला न्हाई. शिपायानं बाहेरनं हाक मारली, 'ओ बोर्डवाले, भाकर आनलीया.' आबांनी लगीच कवाड काडलं. हसत काडलं, वैनी."

ती हाक फक्त तू मारायचास. त्याला तिचा अर्थ माहीत नाही. आजही नाही. त्यानं ती ऐकली, एवढंच. आणि त्यानं ती ऐकली आहे, हे तुला कुठून तरी कळलं असणार, म्हणूनच तो तुला जिवंत नको आहे.

मी घरी आले, भात कांडायला बसले. मुसळ चालवत होते आणि उखळात तू होतास. हे खोटं लिहीत नाही. आई म्हणाली, "आगं, पीठ झालं त्येचं." मी थांबले नाही.

यांना धरलं त्याच्या आधी तुला अटकेतून दोन दिवसांत सोडलं होतं. पुरावा नाही म्हणून, असं तू सांगितलंस. तळपाय सुजून काळे झाले होते. मी एरंडाची पानं गरम करून बांधली, तू भिंतीकडे तोंड करून पडलास. जेवला नाहीस. मला वाटलं, दुखतंय. दुसऱ्या दिवशी दुपारी उठलास आणि म्हणालास, आता मी घरात राहत नाही, आता लढाई. मी तुला भाकरी बांधून दिली. पोलीस खोपीवर गेले ते त्याच्या दुसऱ्या सकाळी. मधे आख्खी रात्र होती, कोंडू. लंगडत का होईना, तू वर जाऊन त्यांना उठवू शकला असतास. मला नुसतं सांगितलं असतंस, तरी मी पळत गेले असते.

मारापुढे तू बोललास, याचा मी तुला दोष देत नाही.

हे वाक्य मी पुन्हा वाचलं. ते पूर्ण खरं नाही. देते. पण तो दोष मी पोटात घालू शकले असते. तू सहा वर्षांचा असल्यापासून मी तुला जेवू घातलं आहे; तुझ्या तळपायावर काय झालं होतं, ते या हातांनी पाहिलं आहे. तू येऊन सांगितलं असतंस, तर मी तुझ्या तोंडात मारली असती आणि मग तुला जवळ घेतलं असतं.

ते तू केलं नाहीस. तू महिपतीला पुढे केलंस. पाणवठ्यावर माझ्या हातून पाणी ओतवलंस. त्या पोरीच्या मोडलेल्या लग्नाचं गोड मला खायला लावलंस. आणि आता त्याला मारून घरी येणार होतास. मी दारात तुझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला असता, तुला करवंदं वाढली असती, आणि भावाचा सूड घेतला म्हणून गावानं तुला पंचायतीत बसवलं असतं. याला तू क्रांती म्हणतोस. तुझ्या बंदुकीत आणि त्या बर्फवाल्या अध्यक्षाच्या टोपीत मला आता फारसा फरक दिसत नाही. दोघेही यांच्या नावावर जगता.

बोर्डात काही होत नाही, मतांनी काही होत नाही, असं मीही म्हणू लागले होते. अजून फार विश्वास आहे असं नाही. पण चार माणसांत बसलं की निदान विचारावं लागतं, तू कुठे होतास, तू काय पाहिलंस. आम्ही महिपतीला एकदा चावडीवर बसवून एवढं विचारलं असतं, तर ही साडेतीन वर्षं झाली नसती. मारणाऱ्याला विचारावं लागत नाही. तुला म्हणूनच ते आवडतं.

आता काय केलं आहे ते ऐक.

काल सकाळी मी पाणवठ्यावर गेले आणि झुंबरबाईचा हंडा भरून तिच्या डोक्यावर चढवला. तिनं तो तिथेच खाली ओतला आणि म्हणाली, "आता बरं वाटलं." मी पुन्हा भरला. बाकीच्या बायका बघत होत्या. पाणी मात्र कुणी ओतलं नाही. सत्काराच्या कमिटीला मी सांगून आले की पंचायतीला कोंडाजीचं नाव घालू नका, मी उभी राहते. हसले. एकानं विचारलं, "वैनी, भाकऱ्या कोन थापनार?" म्हटलं, तुझी तू थाप, पीठ मी पाठवते. निवडून आले तर पहिलं काम वाळीत टाकणं उठवायचं, आणि दुसरं, खोपीची वाट कुणी दाखवली हे सगळ्यांसमोर विचारायचं. निवडून नाही आले तरी विचारणार आहे. तोंड माझं आहे.

शनिवारी तू ये. ओढ्यावर कुणी असणार नाही. महिपती आणि झुंबरबाई आपल्या घरी जेवायला येतील. गेणूलाही बोलावलं आहे, त्याचं महिपतीशी काय ते तो बघेल. तुझं पान मांडलेलं असेल. उजेड असताना, मोरीवरून, सगळ्यांना दिसेल असा ये. बंदूक आणायची तर आण. ओटीवर पहिली तुझी आई बसलेली असते, तिच्या अंगावरून नेम धरावा लागेल.

तू पळून जाशील असंही वाटतं. जा. वॉरंट नाही, तुला कुणी धरणार नाही. ज्याच्यावर वॉरंट नाही त्यानं कुठे लपायचं, ते तुझं तू शोध. पण शनिवार मावळला आणि तू आला नाहीस, तर रविवारी मी चावडीवर बसून तुझं नाव घेईन.

तुझ्या मरणानं माझं भागणार नाही. यांच्यासारखं चार दिवसांत सुटणं मी तुला देणार नाही. तू जगायचं, या गावात, माझ्या हातचं जेवून, सगळ्यांना ठाऊक असताना.

आईला मी काही सांगितलेलं नाही. ती आत्ता शेजारी बसून विचारते आहे, "काय ल्हिवतीस एवडं? कवा येतोय माजा कोंडू?" मी म्हटलं, शनिवारी. ते तिला तू सांगायचं आहेस. तिच्यासमोर बसून, तिचा हात हातात घेऊन, कुणाला कुणी हाक मारायला शिकवली ते. तेवढं मी कुणासाठी करणार नाही. ते तुझ्यासाठी राखून ठेवलं आहे.

रखमाजीची बायको
शालू