आणखी वाढव

१२ नोव्हेंबर, रविवार संध्याकाळ

प्रिय भोंग्या,

अनेक आशीर्वाद. मी ठीक. आईचा गुडघा बरा आहे. कालची तुझी डीजेची, ड्रम अँड बेस नाचगाण्यांची रात्र छान झाली, एवढंच तिला सांगितलंय. तिने विचारलं तर तूही तेच सांग.

तू माझ्यावर चिडला आहेस. भरल्या क्लबात "ताई, झोपलीस का? वाढव ना!" म्हणून ओरडलास, तेव्हा पुढच्या मुली वळून माझं तोंड बघत होत्या. मी झोपले नव्हते. तुझ्या कानाशी ठेवलेला स्पीकर मोठा कर म्हणून तू बोट वर करत होतास आणि साउंडच्या डेस्कवर माझा हात त्याच बटणावर होता. मी मुद्दाम वाढवलं नाही.

मग ते झालं. चालू गाण्यावर नवं गाणं चढवलंस आणि दोन्हींचे ड्रम एकमेकांच्या पायात पाय अडकून कोसळले. नाचणारे थांबले. कोणीतरी शिट्टी मारली. मालक तरातरा माझ्याकडे आला. "वायर सैल झाली," मी म्हटलं. धडधडीत खोटं.

ताईने वाट लावली म्हणशील. म्हण. पण पुढचं वाच.

वर्षभर तू ट्रेबल, म्हणजे गाण्यातला बारीक चिरका आवाज, इतका चढवतोस की समोरच्यांनी कानांवर हात ठेवावेत. ते ठेवत नाहीत, कारण माझ्या डेस्कवर मी तो गुपचूप उतरवते. आधी वाटलं, तुझी आवड बदलली असेल. फोनवर हल्ली नुसतं हं हं करतोस, त्यालाही मी नेटवर्कला दोष दिला. बघ, अजून गोल गोल फिरतेय.

मागच्या महिन्यात तुझ्या खोलीवर राहिले, तेव्हा छतावरचा धुराचा अलार्म रात्रभर पीं पीं करत होता. सेल संपत आला होता. शेजारणीने वैतागून दारावर चिठ्ठी चिकटवलेली. मी विचारलं, "एवढ्या आवाजात झोपतोस कसा?" तू म्हणालास, "कसला आवाज?" मला वाटलं थट्टा करतोयस. मग तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. सेल मी बदलला आणि गप्प बसले.

भोंग्या, तुला बारीक आवाज ऐकू येत नाहीत.

आणि हे कळल्यावरही तू बोट वर केलंस की मी वाढवतच राहिले, कारण वाढवलं की तू हसायचास. ज्याने कान जातायत तेच मी माझ्या हाताने तुला पाजत होते. काल हात उचलेना.

गुरुवारी सकाळी कानाच्या डॉक्टरबाईंकडे तुझी वेळ घेतली आहे. मी सोबत येते. येत्या शनिवारच्या मोठ्या कार्यक्रमासाठी तू किती झुरलास, मी पाहिलंय. पण कान न दाखवता तिथे उभा राहिलास तर डेस्कवर मी नसेन. तुला वाढवून देणारा दुसरा कोणीही मिळेल. मी देणार नाही. अबोला धर, शिव्या दे, पण ये.

हे तुझ्या जिन्यावर बसून लिहितेय. मघापासून बेल वाजवते आहे. आत दिवा लागलाय, तुझे बूट दाराशी आहेत आणि फटीतून तुझी सावली इकडून तिकडे जाताना दिसते. पत्र दाराखालून सरकवते.

तू दार उघडत नाहीस ते निव्वळ रागानेच असू दे, एवढंच देवाकडे मागणारी,
तुझी ताई