मशीनवाल्याच्या पत्त्यावरची कार्डे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी (हात थरथरू लागल्यापासून बंद), आज सकाळी पुरेशी झोप झाल्यावर, पोटात चार घास घालून आणि मानगुटीवर कोणी बसलेले नसताना हे लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. असा दाखला आमच्या घरात दुसऱ्या कोणाकडे नाही, हे पुढे वाद घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

माणसांची पूर्ण नावे आणि पत्ते वकिलांनी शेवटच्या पानावर व्यवस्थित लिहिले आहेत. मी मात्र ज्याला जशी हाक मारतो तसेच लिहिणार. खाली लिहिलेली सर्व मिळकत माझ्या स्वतःच्या कष्टाची आहे, वडिलांकडून मला फक्त टक्कल मिळाले.

कलम १. राहते घर, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या, मुलगा आणि मुलगी यांना अर्धी अर्धी. बँकेत जे असेल तेही तसेच. मुलाने गॅलरीला काचा लावून ती बंद करू नये. तो लावणारच, पण मी लिहून ठेवले आहे. त्यांच्या आईचे कपाट आतल्या सामानासकट मुलीला द्यावे.

त्या कपाटात माझ्या हातचे एकही कार्ड सापडणार नाही, म्हणून आधीच सांगतो. बायको एकदा म्हणाली होती, “अख्ख्या जगाला कार्डं लिहिता, माझ्यासाठी कधी एक ओळ नाही.” मी म्हणालो, “तू तर समोरच बसलेली असतेस.” हे उत्तर तेव्हा मला फार हुशारीचे वाटले होते. ती जाऊन नऊ वर्षे झाली. मी चुकलो, आणि हे कबूल करायला मला दुसरी जागा उरलेली नाही.

कलम २. हत्यारे. पुस्तके दाबायचा लोखंडी प्रेस, दाभणे, कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी आणि शिवणीची चौकट शाळेच्या ग्रंथपालबाईंना द्यावी. त्या फाटक्या पुस्तकाला चिकटपट्टी लावत नाहीत, एवढी लायकी मला पुरते. कागद कापायची मोठी सुरी मेहुण्याने सतरा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेली. ती त्याच्याकडेच असल्यामुळे तिचे चामडी कव्हर मी त्याला देतो. आता त्याचा संच पूर्ण झाला.

कलम ३. कार्डांविषयी. इथे थोडे मागे जावे लागेल. वकील म्हणाले, “याची कायद्याला गरज नाही.” मी म्हणालो, “मला आहे.”

मी तेवीस वर्षांचा असताना मला क्षय झाला आणि अकरा महिने इस्पितळात पडून राहिलो. तेव्हा लोक या रोगाला फार घाबरत. घरचे दारापर्यंत येत, डबा ठेवून जात. मी ज्या छापखान्यात बांधणीला होतो तिथला मशीनवाला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, त्यालाही आत सोडत नसत. मग तो दर आठवड्याला कार्ड पाठवू लागला. पुठ्ठ्याचा कापून उरलेला तुकडा, त्यावर चार ओळी, आणि सुरुवात कायम शिवीने. पहिले कार्ड मला पाठ आहे: “रताळ्या, तुझ्या टेबलावर मालक दुसऱ्याला बसवत होता. मी सांगितलं, पाय मोडलेलं टेबल आहे, दुरुस्त झाल्यावर बघू. पाय मीच मोडलाय.” मी ते उशाखाली ठेवून रडलो होतो. त्या खोलीत मला पहिल्यांदा वाटले की मी परत जाणार आहे.

बरा झाल्यावर मीही लिहू लागलो. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याची बायको गेली तेव्हा त्याला दोन वर्षे लिहिले. नोकरी सुटलेल्यांना लिहिले, मुले परगावी गेलेल्यांना लिहिले. माझे नियम तीनच. उपदेश नाही. “काळजी घे” नाही. आणि प्रश्न नाही, कारण एकट्या माणसाला प्रश्न विचारला की उत्तराचे ओझे त्याच्या डोक्यावर बसते, मग तो कार्ड हातात घ्यायलाही घाबरतो. आज काय पाहिले तेवढे लिहायचे. समोरच्या गॅलरीत कुंडीला एकच टोमॅटो आला आणि तो बघायला घरातले पाचही जण उभे राहिले, एवढे पुरते. इस्पितळात आलेली मशीनवाल्याची सगळी कार्डे मी एका पुस्तकात बांधली आहेत. ते पुस्तक मुलाला. प्रेमाने शिवी कशी द्यावी हे त्याने शिकावे, तो नुसताच ओरडतो.

कलम ४. खालच्या मजल्यावरची माझी कामाची खोली. रस्त्याकडे स्वतंत्र दार, आत नळ, मोठी खिडकी. ही खोली मशीनवाल्याला सांभाळणाऱ्या मावशींना पूर्ण मालकी हक्काने, कोणतीही अट न घालता देत आहे. वकिलांनी “तहहयात राहण्याचा हक्क” असे सुचवले होते. रोज सकाळी उठून स्वतःच्या मरणाची आठवण काढत राहायची ती कसली खोली? मालकी म्हणजे मालकी.

या कलमावरून घरात आदळआपट झालेली आहे, त्यामुळे खुलासा करणे भाग आहे.

मशीनवाला निवृत्तीनंतर बसने सहा तासांवरच्या गावी गेला. लग्न केलेले नव्हते. दहा वर्षांपूर्वी साखरेने त्याचे डोळे गेले, तेव्हा पुतण्याने मावशींना कामाला ठेवले. मी शनिवारी कार्ड टाकायचो, मंगळवारी ते पोहोचायचे, मावशी वाचून दाखवायच्या आणि तो सांगेल तसे उत्तर लिहायच्या. शिव्यासुद्धा सुवाच्य अक्षरात येत. मग शिव्या थांबल्या. उत्तरे येत, पण सभ्य. मला वाटले, म्हातारपणी सुधारला गाढव.

गेल्या हिवाळ्यात पुतण्याचा फोन आला. घर रिकामे करायचे होते, एका जुन्या यंत्राला काही मोल आहे का, ते विचारत होता. मी म्हणालो, “त्यालाच विचार की.” तो म्हणाला, “काका, ते जाऊन दीड वर्ष झालं. मावशी म्हणाल्या होत्या, तुम्हाला कळवते म्हणून.”

दीड वर्ष मी एका मेलेल्या माणसाला कार्डे पाठवत होतो आणि तो मला उत्तरे देत होता. ज्याने माझ्यासाठी टेबलाचा पाय मोडला, त्याला मी खांदा देऊ शकलो नाही, त्याचे शेवटचे तोंड पाहू शकलो नाही. मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. मुलगा म्हणाला, “सरळ पोलिसात जाऊ या. खोट्या नावाने पत्रं लिहिते म्हणजे काय?” मी हो म्हणालो होतो. हेही लिहून ठेवतो, कारण तो एकटाच वाईट ठरू नये.

मुलगी म्हणाली, “आधी मी बघून येते.” यंत्र बघायच्या निमित्ताने ती गेली. परत आली ती माझ्याशी धड बोलेना. रात्रीचे जेवण झाल्यावर म्हणाली, “बाबा, घर रिकामं आहे. विकलं जाईपर्यंत राखण करायला पुतण्याने त्यांना मागची माडीवरची खोली दिलीय. तुमची कार्डं तारखेप्रमाणे फळीवर लावलीत. मी विचारलं, एकट्याच राहता का? तर म्हणाल्या, एकटी कुठे, मंगळवारी पोस्टमन येतो ना.”

“मग?” मी म्हणालो.

“मग काही नाही. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरडा. त्यांना काही लिहू नका.”

मी खरेच काही लिहिले नाही. तीन शनिवार कार्डच टाकले नाही. सूड म्हणा. चौथ्या आठवड्यात तिकडून कार्ड आले, मशीनवाल्याच्या नावाने: “रताळ्या, तीन आठवडे कार्ड नाही. प्रकृती बरी नसल्यास कोणाकडून तरी दोन ओळी कळवाव्यात, ही विनंती.”

शिवी देऊन पुढे “ही विनंती” लिहिणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. आधी हसलो. मग ते कार्ड उजेडात धरून पुन्हा वाचले. अक्षर हलले होते. बाई घाबरली होती. मी मेलो की काय, या भीतीने तिने आठ वर्षे ऐकलेली शिवी शोधून काढून लिहिली होती. कार्ड बंद होण्याची भीती काय असते, ते मला इस्पितळाच्या खाटेवर कळले होते. पोस्टमन रिकाम्या हाताने पुढच्या खाटेकडे गेला की दिवस संपत नसे.

म्हणून मी त्या शनिवारी कार्ड टाकले. नेहमीसारखेच, मशीनवाल्याच्या नावाने.

कलम ५. मुलाने या खोलीवरून कोर्टात जाऊ नये. गेल्यास त्याचा हिस्सा कमी होणार नाही. फक्त बहिणीने त्याच्याशी बोलणे बंद करावे, ती शिक्षा त्याला सोसणार नाही. हे मी त्याला वाचून दाखवले तेव्हा तो दार आपटून गेला. दुसऱ्या दिवशी खाली ठोकाठोक ऐकू आली म्हणून पाहिले, तर हा खोलीच्या दाराला नवी कडी बसवत होता. “जुनी सैल होती,” म्हणाला. माझा मुलगा माझ्यावरच गेला आहे.

मावशींनी मला फसवले, लुबाडले किंवा माझ्याकडून कधी काही मागितले, असे कोणीही, कोठेही म्हणू नये. मशीनवाल्याला आठ वर्षे त्यांनी आंघोळ घातली, भरवले, माझी अक्षरे वाचून दाखवली. राग माझा होता आणि तो मी फेडून टाकला आहे, वारसांना तो देत नाही. या मृत्युपत्राची व्यवस्था माझ्या मुलीने पाहावी.

कलम ६. हे कलम मुलीने मावशींसमोर बसून वाचावे. पत्राने पाठवू नये.

मावशी, मला सगळे माहीत आहे हे तुम्हाला आज कळते आहे. घाबरू नका. तुम्ही तो गेल्याचे का कळवले नाही, ते मी विचारत नाही. तुम्ही पेन घेऊन बसला असाल आणि तेवढ्यात मंगळवार आला असेल.

खोलीची किल्ली मुलीकडे आहे. खिडकी दुपारी उघडी ठेवा, ऊन चांगले येते.

एक गोष्ट राहिली. तुमचे ते विनंतीचे कार्ड आल्यापासून आजपर्यंत मी एकतीस कार्डे पाठवली. जमेल तोवर अजून पाठवीन. मी त्यात मशीनवाल्याला लिहिले की जिना उतरताना कठड्याला धर, घाई कोणासाठी करतोस. तो तर तळमजल्यावर राहत होता. मागच्या खोलीचा जिना तुम्ही उतरता, हे मुलीने मला सांगितले होते. मी लिहिले की तुझे अक्षर पाहिले की मला बरे वाटते. त्याचे डोळे जाऊन दहा वर्षे झाली होती, आणि अक्षर तुमचे होते. त्या कार्डांवर पत्ता त्याचा आहे, कारण दुसऱ्या नावाने लिहिले असते तर तुम्ही उत्तर दिले नसते. ती एकतीस आणि त्यानंतर आलेली सगळी कार्डे फळीवरून खाली काढा आणि पुन्हा वाचा. या वेळी स्वतःच्या नावाने वाचा.

सही: (वेडीवाकडी आहे, पण माझीच आहे)

आमच्यासमोर, एकमेकांच्या समक्ष, वाचून व समजून सही केली:
साक्षीदार १: शेजारच्या दंतवैद्य बाई
साक्षीदार २: समोरचा इस्त्रीवाला (म्हणतो, त्याने शेवटचे पान दोनदा वाचले)

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: नऊ ऑगस्ट, शनिवार, या आठवड्याचे कार्ड पेटीत टाकून आल्यावर