माझ्या पेशींना बेल लागत नाही

३ मार्च
आजपासून रोजनिशी. मन शांत ठेवायचं आहे. मेहुण्याबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही, हा पहिला संकल्प.

मेहुणा आज पुन्हा आलेख दाखवत हिंडत होता. बायकोचा धाकटा भाऊ. मीच त्याला या लॅबमध्ये चिकटवला, आता शेजारच्याच टेबलावर बसतो. विषय दोघांचा एकच. एसीटीएच नावाचं हार्मोन येतं, अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं आणि पेशी कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड सोडते. थोडक्यात, बाहेर बेल वाजली की आतून माल. त्याच्या पेशी बेल वाजताच धावत सुटतात. माझ्या ढिम्म. हार्मोन दुप्पट ओतलं, तरी ढिम्म.

सीनियरची जागा एकच आहे. आमच्या प्रमुख बाई वीस तारखेच्या मीटिंगनंतर ठरवणार. मी वयाने मोठा, लॅबमध्ये जुना. प्रश्नच नाही.

६ मार्च
पेशी उपाशी असणार! फ्रीजमध्ये ‘स्पेशल’ लिहिलेली मीडियमची बाटली सापडली. मीडियम म्हणजे पेशींचं खाणं. लेबलावर बारीक अक्षरांत बरंच काही होतं, पण चष्मा घरी राहिला होता. भारी आहे एवढं कळलं. आता हेच घालणार.

बायको म्हणाली, काम करून करून भाऊ किती वाळलाय. मीही दोन किलो उतरलोय. कोणाला दिसत नाही.

११ मार्च
कॉर्टिसॉलच कॉर्टिसॉल! हार्मोन घातलेल्या पेशींत भरपूर, न घातलेल्यांतही तेवढंच. सगळीकडे आकडा तोच. काय शिस्त! मेहुण्याचे आकडे सारखे वरखाली होतात. माझ्या पेशींना रिसेप्टरची गरजच उरलेली नाही. बेल न वाजताच काम करतात. मालकाचा गुण.

मेहुणा डोकावला. विचारतो, दाजी, पेशी न घालता नुसतं मीडियम मोजलंत का? ज्यात पेशीच नाहीत, त्यात मोजायचं काय? मला अडकवून ठेवायचा डाव, दुसरं काय. पोटात दुखतंय बिचाऱ्याच्या. मी प्रेमाने म्हणालो, तू तुझं बघ.

१४ मार्च
मत्सर वाईट. मेहुण्याला होतोय तो. माझं एवढंच म्हणणं आहे की बाईंनी त्याच्या आलेखाला ‘सुंदर’ म्हणायला नको होतं. मला मागच्या वर्षी ‘बरं’ म्हणाल्या होत्या.

तो चहाला गेल्यावर त्याच्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघून घेतल्या. गुबगुबीत आहेत. जेवण गेलं नाही.

१९ मार्च
मेहुण्याने पुन्हा तेच टुमणं लावलं. नुसतं मीडियम मीच मोजून देतो, म्हणे. बायकोलाही मध्ये घातलं. ती म्हणाली, ऐका ना त्याचं एकदा. नाही ऐकलं. घरात दोघांविरुद्ध मी एकटा.

उद्या भाषणात त्याचे आभार मानणार आहे. मोठ्या मनाने. शेवटून दुसऱ्या ओळीत.

२० मार्च
बोललो उत्तम. बाईंनी फक्त मीडियम कोणतं ते विचारलं. बाटली मागवली. लेबल मोठ्याने वाचलं. त्यात आधीपासूनच हायड्रोकॉर्टिसोन घातलेलं. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजेच कॉर्टिसॉल. मला माहीत आहे, मेहुण्याला मीच शिकवलं होतं. थोडक्यात, मी ओतलं तेच मी मोजलं.

कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं. बाई म्हणाल्या, मुळात पेशी जिवंत आहेत का ते बघून या. बघून आलो. नव्हत्या.

मग मेहुणा उठून म्हणाला, यात दाजींची चूक नाही, ती बाटली फ्रीजमध्ये मीच ठेवली होती. त्याचा इतका राग मला आजवर कधीच आला नव्हता.

२१ मार्च
जागा मेहुण्याला. बायको आनंदाने रडली. मग माझ्याकडे बघून थोडी वेगळी रडली. मेहुणा म्हणाला, दाजी, मला सर वगैरे म्हणू नका. माझ्या डोक्यातही नव्हतं.

मन शांत करण्यासाठी आठवडाभर रजा घ्यायची ठरवली. अर्ज घेऊन बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, आता सही मेहुण्याची लागेल. त्याने लगेच केली. वर म्हणाला, दाजी, निवांत जा, तोवर तुमच्या नव्या पेशी मी वाढवून ठेवतो.

रजा रद्द.