दाराची कडी

वाशी, फेब्रुवारी १९९६

वैजयंतीवहिनी,

प्रत्येक शूटला तू सोबत यायचीस. कपडे बदलायची खोली आधी स्वतः बघायचीस, मग डबा मांडीवर घेऊन दाराबाहेर बसायचीस. "मॉडेल ही, बॉडीगार्ड मी," म्हणून हसायचीस. मला लाज वाटायची. म्हणून काल शूट रद्द झाल्याचं तुला खोटंच सांगितलं आणि पावणे गावातल्या नव्या स्टुडिओत एकटी गेले.

तिथे खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. कडीच्या जागी रंगाखालचं लाकूड कोरं होतं, स्क्रूच्या भोकांत धूळही नव्हती. डिप्लोमाला सुतारकामाचं वर्कशॉप केल्यामुळे एवढं कळलं, की कडी नुकतीच काढली आहे. मी तशीच परत फिरले.

घरी तू शिरा केला होतास. "जाऊ दे गं, दुसरं काम मिळेल." मी बशी संपवली.

आज तू तुझ्या धाकट्या बहिणीला फोनवर म्हणालीस, "उज्वले, मनालीचं काल राहिलं ना, त्या स्टुडिओत उद्या तू जा. मनालीने ठरवलेलं काम, म्हणजे माणूस चांगलाच असणार."

हे पत्र तुला देणार नाही. दिलं तर तू वाचेपर्यंत मी आतल्या खोलीत लपून बसेन. तू आत्ता भाजी निवडते आहेस. मी तिथेच येऊन बसते आणि तोंडाने सांगते.

तुझी नणंद,
मनाली