कोरियन बाजारातला घास

आई, परवा लेकीकडे अल्फारेटाला गेले होते, तर ती मला तिच्या घराजवळच्या एका मोठ्या कोरियन दुकानात घेऊन गेली. ही दुकानं आता इतकी चकाचक झालीत की आपण भाजी घ्यायला आलोय की विमानतळावर, तेच कळत नाही. एका कोपऱ्यात एक तरुण बाई छोट्या कागदी वाट्यांत लाल तिखट कोबी चाखायला देत होती, टूथपिक टोचून. मी तिथेच थबकले. लेक म्हणाली, "ममा, इट्स जस्ट अ सँपल, घे ना." मी घेतला नाही. पुढचं सगळं सामान तिने एकटीने घेतलं आणि मी ट्रॉलीला टेकून मनातल्या मनात तुमच्याशी बोलत राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या मुलाचे केस पांढरे होऊन आता गळायलाही लागलेत, आणि मी, तुमची सून, तुम्ही पहिल्यांदा अमेरिकेत आलात तेव्हाच्या तुमच्या वयाच्याही पुढे गेले आहे. म्हटलं, आता पत्रातून जरा बरोबरीच्या नात्याने बोलायला हरकत नाही.

ऐंशीच्या दशकातला तो उन्हाळा. कॅलिफोर्नियात, सनीव्हेलचं आपलं ते छोटं अपार्टमेंट, खाली पार्किंग, समोर जर्दाळूची उरलीसुरली चार झाडं. तुम्ही आलात त्या सामानात साड्या कमी आणि भांडी जास्त होती. पोळपाट, लाटणं, तवा, तुमचं ताट, तुमची वाटी, आणि कस्टमवाल्याने ज्याच्याकडे संशयाने बघितलं तो खलबत्ता. मी तुमच्या जातीतली नव्हते. त्यावरून तुम्ही मला कधी वाकडा शब्द बोलला नाहीत, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. फक्त माझ्या हातचं तुम्ही खायचा नाहीत. लग्न झाल्यावर आम्ही भारतात यायचो तेव्हाही नाही आणि इथे माझ्याच घरात राहून तर नाहीच. तुमचा नियम साधा होता: विस्तव, पाणी आणि मीठ, या तिन्हींपैकी एक जरी लागलं की ते अन्न झालं, आणि अन्न परक्या हातचं घ्यायचं नाही. आख्खं केळं माझ्या हातून चालायचं, सोललेलं नाही. सकाळी माझ्याच शेगडीवर तुम्ही तुमचा भात लावायचात, तो उतरवून, शेगडी पुसून मला म्हणायचात, "घे हो, झालं माझं." आणि मी रोज, अगदी रोज, पानं वाढताना विचारायचे, "आई, माझ्या हातचं चालेल का थोडं?" तुम्ही हसून म्हणायचात, "राहू दे गं." मला काय हवं होतं ते तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. तुम्ही परत जायच्या आत एकदा, फक्त एकदा, माझ्या हातचं काही खावं. बाकी तुमच्याकडून मला ना दागिना हवा होता ना कौतुक.

ऑगस्टमध्ये तुमच्या मुलाला कामासाठी दोन दिवस लॉस एंजेलिसला जायचं होतं, तर म्हणाला, चला सगळेच. तुम्ही आदल्या दिवशी दुधात कणीक भिजवून दशम्यांची चळत केलीत, चटणी बांधलीत, आणि तो डबा मांडीवर घेऊन पाच नंबरच्या हायवेवरून सरळ बसून आलात. पण मोटेलवर पोचल्यावर या शहाण्याने बॅगा काढल्या आणि डबा राहिला गाडीच्या डिकीत. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर असा आंबूस भपकारा आला की आम्ही तिघंही मागे सरलो. पदर खोचून डबा घासलात आणि म्हणालात, "केळी आहेत ना, झालं तर मग." तो मीटिंगला गेला, कुणा सहकाऱ्याच्या गाडीतून. दुपारपर्यंत तुम्ही दोन केळ्यांवर होतात आणि बेसिनला धरून उभ्या राहत होतात. मी घाबरले. मोटेलच्या काउंटरवर विचारलं, इथे जवळ भाजीबाजार कुठे, तर त्याने कोरियन वस्तीतल्या बाजाराचा रस्ता सांगितला. म्हटलं, निदान फळं तरी मिळतील.

ती जागा म्हणजे एक मोठं छप्पर आणि त्याखाली अख्खं गाव. बायका स्टुलांवर बसलेल्या, समोर परातीएवढी घमेली, मागे तपकिरी रांजण, एकमेकींना हाका, कुणी भांडतंय, कुणी हसतंय. मासळीकडून जाताना तुम्ही पदर नाकाला लावलात, पण डोळे उघडे ठेवून सगळं नीट बघितलंत. आणि मग तुमचं सुरू झालं. "हे काय गं? विचार तिला. हे कशाचं पीठ?" अहो, मी काय कोरियन शिकून आले होते? पण तुम्ही मला फळांपाशी पोचूच दिलं नाहीत. एका बाईने भिजवलेली पिवळी डाळ वाटून तव्यावर जाड जाड काहीतरी घातलं होतं, ते बघून तुम्ही माझा दंड धरलात. "अगं, मुगाचं धिरडं!" धिरडंच होतं. तेल मात्र तिने असं सढळ सोडलं होतं की तुम्ही 'अबब' म्हणालात. मांसमच्छी नाही ना, एवढं विचारून मी एक घेतलं. तुम्ही स्वतः खाणार नव्हतात, पण चव माझ्याकडून वसूल करत होतात. "आलं आहे का? कुरकुरीत लागतं? आतून कच्चट नाही ना?" मी तोंडात घास असताना परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत होते. पुढे एकीकडे तांदळाच्या उकडीचे चिमुकले करंजीसारखे गोळे होते, आत तीळ आणि साखर, आणि ते उकडले होते चक्क पाइनच्या सुईसारख्या पानांवर. ते तुम्ही हातात घेऊन हुंगलेत. "आपण हळदीचं पान घालतो ना मोदकांखाली, तसं हे. बघ, डोकं सगळीकडे सारखंच चालतं." मी तीन खाल्ले. खाताना मला तुमच्यापुढे लाज वाटत होती, कारण तुमचे ओठ कोरडे पडले होते आणि तरी तुम्ही मला विचारत होतात, तीळ भाजलेत की कच्चे.

मग ती बाई. तुमच्याच वयाची, केस असे कुरळे करून घेतलेले, हातात कोपरापर्यंत लाल रबरी मोजे. कोबी म्हणजे आपला गड्डा नव्हे, लांबट, पांढऱ्या देठांचा. तो उभा चिरून, मिठात मुरवून, तिने घमेल्यात घेतला होता आणि पानं एकेक उचलून प्रत्येकाच्या पोटात तिखटाचा लेप भरत होती. तुम्ही तिथे खिळलात. लोणचं हा तुमचा प्रांत! आख्ख्या गल्लीच्या बरण्या तुमच्या हाताखालून जायच्या. "तेल नाही?" तुम्ही मराठीत विचारलंत, थेट तिलाच. तिने कोरियनमध्ये काहीतरी लांबलचक सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत. "मग टिकतं कसं?" तिने रांजणावर थाप मारली, वरून तळहात दाबून दाखवला. तुम्ही म्हणालात, "हां, दडपून ठेवते." मी दोघींच्या मध्ये उभी, दुभाषी म्हणून अगदीच बिनकामाची. तरी मी माझं कर्तव्य केलं, इंग्रजीत विचारलं, यात मासे, कांदा, लसूण काय काय आहे? तिने तुमच्याकडे बघितलं, तुमच्या कुंकवाकडे, नऊवारीकडे, आणि घमेलं बाजूला सारून मागचा एक छोटा रांजण पुढे ओढला. "टेंपल," म्हणाली. "नो फिश, नो गार्लिक, नो ऑनियन." त्यांच्या मठातले लोक तसंच खातात म्हणे. तुम्ही एवढ्या खूश झालात! "म्हणजे यांच्यातही चातुर्मास पाळतात की!"

आणि तेवढ्यात तिने ते केलं. मोजा काढला, हात धुतला, रांजणातून आतलं कोवळं पान काढलं, उभं फाडलं, बोटांनी त्याची गुंडाळी केली, आणि दुसऱ्या हाताचा तळवा खाली धरून ती तुमच्या तोंडाशी नेली. तिकडे तसंच देतात हे मला नंतर कळलं. नवा कोबी भरला की शेजारणीच्या तोंडात पहिला घास जातो. त्या क्षणी मी फक्त पुढे होऊन म्हणणार होते, "नो, नो, शी डझंट..." पण तुम्ही तोंड उघडलं होतंत. घास आत गेला होता. तुम्ही चावत होतात आणि तुमच्या डोळ्यांत तिखटाचं पाणी आलं होतं, आणि ती बाई स्वतःचं तोंडही तुमच्याबरोबर हलवत होती, आपण बाळाला भरवताना हलवतो तसं. मग दुसरा घास. मग तिने वाटीत आणखी दिलं, बरोबर भात दिला, तिच्या स्वतःच्या डब्यातला. तुम्ही तो भातही खाल्लात. शिजवलेला भात, आई!

मला आनंद व्हायला हवा होता. तुम्हाला चक्कर येत होती आणि तुमच्या पोटात अन्न गेलं. पण खरं सांगू, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तुमच्या मुलाची बायको, तुमच्या आजारपणात रजा काढणारी, आणि माझ्या हातची आमटी तुम्हाला वर्ज्य, आणि ही कोण कुठली, जिचं नावही विचारलं नाही, तिच्या हातचा घास चालतो? मी बाटलीभर तो कोबी विकत घेतला, बाटली तुमच्या हातात कोंबली आणि गाडीत येऊन बसले. किल्ली लावली पण गाडी सुरू केली नाही.

"आई, मीठ होतं त्यात," मी म्हणाले.

"होतं."

"आणि भाताला विस्तव लागला होता."

"लागल्याशिवाय शिजतो का?"

"मग?" माझा आवाज चढला. तुमच्यासमोर तो कधी चढला नव्हता. "मग तिच्या हातचं कसं चाललं तुम्हाला? माझ्यात काय कमी आहे तेवढं सांगा, म्हणजे मी सुटले!"

तुम्ही बाटलीचं झाकण घट्ट केलंत, पुन्हा सैल केलंत, पुन्हा घट्ट केलंत. मला वाटलं, रागावलात. मग समोरच्या काचेतून बघत म्हणालात, "तिने विचारलं कुठे?"

मला कळलं नाही. तुम्ही पुढे म्हणालात, "तू रोज विचारतेस. चालेल का, चालेल का. चालेल म्हणायला तोंड नको का उघडायला? इतकी वर्षं नाही म्हटलं, ते मग काय होतं, असं तू विचारणार नाहीस, तुझा स्वभाव नाही तो. पण मी तर विचारीन ना स्वतःला. हो म्हणणं मला जमत नाही गं. खाणं जमेल एखाद वेळेस." आणि लगेच, "चल, गाडी काढ. उकडतंय."

सबंध वाटेवर मी तेच घोळवत होते. माझ्या माहेरी पाहुण्याला दहादा विचारतात, आग्रहाने जीव नकोसा करतात. मला वाटायचं, मी विचारते म्हणजे तुमचा मान राखते. तुमच्या अंगावर मी रोज एक प्रश्न टाकत होते आणि त्याचं एकच उत्तर तुम्हाला पाठ होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुमचा नियम चूक होता, आई. तेव्हाही मला तो चूक वाटायचा आणि आज तर मी तुमच्याशी कडाकडा भांडले असते. पण तो नियम तुम्हालाही जड झाला होता, हे मात्र मला त्या गाडीत बसेपर्यंत दिसलं नव्हतं.

सनीव्हेलला परत आल्यावर पुढच्या सकाळी तुम्ही आंघोळ करून आलात, तेव्हा शेगडीपाशी मी आधीच उभी होते. चातुर्मास म्हणून कांदा न घालता बटाट्याचे पोहे केले होते. तुमच्याच ताटलीत वाढले, वर लिंबाची फोड ठेवली, ताटली टेबलावर तुमच्या जागेसमोर ठेवली आणि एक शब्द न बोलता शेगडीकडे तोंड करून उभी राहिले. तुमचा मुलगा पेपर घेऊन आला, त्याने ताटलीकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं आणि आल्या पावली बेडरूममध्ये गेला. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर शहाणपणा केला त्याने.

ताटली मी रिकामीच उचलली. नंतर आपण त्यावर कधी बोललो नाही. हे पत्र तुमच्या मुलालाही दाखवणार नाही, तो उगीच हळवा होतो. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही ती सांगून टाकते. त्या सकाळी मी बेफिकीर असल्यासारखी पाठ करून ओटा पुसत होते ना, ते सगळं ढोंग होतं. तुम्ही बाहेर यायच्या आत मी शेगडीवरचा एक्झॉस्ट फॅन बंद करून टाकला होता, घरभर फोडणीचा धूर कोंडला तरी. चमचा ताटलीला लागला तर मला ऐकू यायला हवा होता.